गाठ लहान आहे, पण उरलेलं यकृत कसं आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

सोनोग्राफीत यकृतावर लहानशी गाठ दिसते, पुढच्या तपासण्यांत ती कर्करोगाची ठरते, आणि घरचे विचारतात, "डॉक्टर, काढून टाकता येईल ना?" माझी कळकळीची विनंती आहे, सोबत हेही विचारा : उरलेलं यकृत कसं आहे? हा कर्करोग बहुतेकदा सिरॉसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कठीण झालेल्या, यकृतातच होतो. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, मधुमेहाबरोबर साठलेली चरबी यांनी ते आधीच खंगलेलं असतं.

यकृताचं काम चांगलं चालू असेल, आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढलेला नसेल आणि गाठ एकच असेल, तर शस्त्रक्रिया करावी. निरोगी यकृताचा साधारण ३० टक्के भाग उरला तरी निभतं. सिरॉसिसमध्ये ४० टक्के तरी लागतो.

गाठ २ सेंटीमीटरच्या आत असेल, तर पोट उघडण्याचा आग्रह मी धरणार नाही. त्वचेतून सुई आत नेऊन रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्हच्या उष्णतेने गाठ जाळता येते. जपानमधल्या 'सर्फ' चाचणीत ३ सेंटीमीटरपर्यंतच्या, जास्तीत जास्त तीन गाठी असलेल्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रिया आणि रेडिओफ्रिक्वेन्सी यांच्या निकालांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र गाठ मोठ्या रक्तवाहिनीला खेटून असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि कडेच्या पेशी जिवंत राहू शकतात. आतड्याला किंवा पित्ताशयाला चिकटलेल्या गाठीतही जपावं लागतं.

दोन्ही उपचारांत सिरॉसिस मागे राहतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर ५ वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये कर्करोग परत दिसतो. प्रत्यारोपणात गाठही जाते आणि आजारी यकृतही. १९९६ साली इटलीतल्या मिलानमध्ये सर्जन माझाफेरो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ५ सेंटीमीटरपर्यंतची एक किंवा ३ सेंटीमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी असतील, तर प्रत्यारोपणानंतर ४ वर्षांनी ७५ टक्के रुग्ण हयात असतात. तो निकष आजही वापरतात. पण आपल्याकडे यकृत बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी देतं. मुलगा किंवा पत्नी पुढे येते, तेव्हा एका निरोगी माणसाचंही ऑपरेशन होणार असतं. त्यांच्याशी डॉक्टरांनी एकांतात बोललंच पाहिजे. नकार द्यायची मोकळीक त्यांना हवी.

निर्णयाआधी यकृततज्ज्ञ, सर्जन आणि सुईने उपचार करणारे रेडिओलॉजिस्ट, तिघांचं मत घ्या. कुठलाही उपचार झाला तरी ठरलेल्या तारखांना सीटी किंवा एमआरआय चुकवू नका. आणि हिपॅटायटिस बी ची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती एक दिवसही बंद करू नका.