विजेची गाडी घेण्याआधी पार्किंग तपासा

नमस्कार श्रोतेहो. विजेवर चालणारी मोटार आता सहज मिळते. टाटा, महिंद्रा, एमजी, ह्युंदाई, कोणाच्याही शोरूममध्ये जा, चालवून बघा. घोडं अडतं ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये. म्हणून बुकिंगचे पैसे भरण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि मीटर रूमपासून तुमच्या जागेपर्यंतचं अंतर टेप लावून मोजा.

पोर्टेबल चार्जर 15 अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि जेमतेम 3 किलोवॅट खेचतो. म्हणजे 30 युनिटची बॅटरी रिकामी असेल तर भरायला 11-12 तास. पण रोज 40 किलोमीटर फिरणाऱ्याला रात्री दोन-अडीच तास पुरतात.

गोची वेगळीच आहे. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी मात्र तेवढाच भार तासन् तास घेते. सॉकेटमधला एखादा स्क्रू सैल असेल तर तो तापतो, प्लॅस्टिक पिवळं पडतं, पिन काळी होते. म्हणून औद्योगिक वापराचं सॉकेट, 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. एक्स्टेन्शन बोर्ड नको म्हणजे नकोच.

चार्जिंग सुरूच होत नसेल तर गाडीला दोष देण्याआधी अर्थिंग बघा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. काही जण सॉकेटमध्येच दोन्ही तारा जोडून चार्जरला गंडवतात. चार्जिंग सुरू होतं खरं, पण उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल. असला जुगाड करणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

भिंतीवरचा 7.2 किलोवॅटचा चार्जर 32 अँपिअर घेतो. फ्लॅटचा मंजूर भार बहुधा तेवढा नसतो. तेव्हा वीज कंपनीकडे भार वाढवून मागा किंवा पार्किंगसाठी वेगळं मीटर घ्या. अंतर 40 मीटर असेल तर 6 चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये आठेक व्होल्ट वाटेतच जातात. अशा वेळी 10 ची टाका. वायरिंगचा नकाशा जोडून अर्ज दिलात तर कमिटीचंही समाधान लवकर होतं.

आता लांबचा प्रवास. जाहिरातीतल्या रेंजचे दोन-तृतीयांशच धरा. मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्यापर्यंत गाडी सुमारे 600 मीटर चढते. त्यात तीनेक युनिट जादा जातात, म्हणजे सपाटीवरचे वीस किलोमीटर. येताना उतारावर त्यातले बरेचसे परत मिळतात.

हायवेवरच्या फास्ट चार्जरवर 80 टक्क्यांनंतर वेग झपाट्याने पडतो. पुढचे 20 टक्के भरायची वाट बघू नका, मागेही कोणी ताटकळत असतं. आणि तो चार्जर बंद असेल हे धरूनच निघा: पोहोचताना बॅटरीत 20 टक्के शिल्लक हवेत, आणि त्याच्या पुढचा चार्जर कुठे आहे ते ॲपवर आधीच बघितलेलं हवं.