एकवीस आकडी संख्या आणि न बोललेलं भाषण

नमस्कार श्रोतेहो. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट तुम्हाला पाठच असेल. आता पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरं आहेत असं धरा. सगळे दाणे मिळून होतात दोनाचा सदुसष्टावा घात, वजा एक. मोजा बरं: 14,75,73,95,25,89,67,64,12,927. एकवीस आकडे! (आपल्याकडे खर्व, निखर्व असे शब्द होते हो. आता अब्ज म्हणतानाही अडखळतो आणि बिलियनवर उडी मारतो. असो.)

मर्सेन या फ्रेंच पाद्र्यानं 1644 मध्ये ही मूळ संख्या म्हणून सांगितली. म्हणजे एक आणि ती स्वतः, याखेरीज कशानंच भाग जात नाही. 1876 मध्ये फ्रेंच गणितज्ञ ल्युका यांनी दाखवलं, मूळ नाही. पण भाग कशानं जातो? ते कळेना. घरात उंदीर आहे हे पक्कं, बीळ मात्र सापडत नाही, तशातली गत.

आणि आता न्यूयॉर्क, ऑक्टोबर 1903. अमेरिकन गणितज्ञांची सभा. फ्रँक नेल्सन कोल फळ्याकडे जातात. तोंडातून अवाक्षर नाही. खडू उचलतात आणि दोनाची दुप्पट, त्याची दुप्पट करत सदुसष्टावा घात काढतात. एक वजा करतात. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला मांडतात 19,37,07,721, त्याखाली 76,183 कोटी 82 लाख 57 हजार 287. आणि गुणाकार सुरू. शाळेतला, हातचा धरून करायचा, ओळीखाली ओळ! सभा गप्प. शेवटची बेरीज होते, दोन्ही बाजूंचे एकवीसच्या एकवीस आकडे जुळतात. कोल खडू ठेवतात, जागेवर जाऊन बसतात. टाळ्या! प्रश्न एकही नाही.

गोष्ट सांगता सांगता थोडी फुगली असेल, मला चालतं. आमच्या सभांमध्ये आभारप्रदर्शनच अर्धा तास चालतं.

पुढे कुणीतरी विचारलं, किती वेळ लागला? म्हणे, तीन वर्षांचे रविवार.

एक वाट मात्र ठाऊक होती. आपल्या एकवीस आकडी संख्येला ज्या संख्येनं भाग जातो, तिला 134 नं भागलं की बाकी एकच उरते. पुन्हा सांगतो, 134 नं भागा, बाकी एक. बाकीच्या संख्यांकडे बघायचंच नाही. तरी 19 कोटींपर्यंत जायचं होतं.

हाताशी कागद असेल तर एवढंच करा, कोल यांच्या दोन संख्यांचे शेवटचे तीन-तीन आकडे घ्या: 721 गुणिले 287. उत्तराचे शेवटचे तीन आकडे आपल्या मोठ्या संख्येसारखेच 927 आले का?