पॅचखालची त्वचा : खाज कधी सोसायची, कधी नाही
(बडोद्यात मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. औषधाचा पॅच, म्हणजे त्वचेतून औषध आत सोडणारी चिकटपट्टी, आता घरोघरी दिसायला लागला आहे. स्मृतिभ्रंशासाठी रिव्हास्टिग्मिन, जुनाट सांधेदुखीसाठी ब्युप्रेनॉर्फिन, कर्करोगाच्या वेदनांसाठी फेंटानिल, हृदयविकारात नायट्रोग्लिसरीन, आखडलेल्या कमरेवर डायक्लोफेनॅक. औषधं निरनिराळी, तक्रार मात्र एकच : खाजतं. त्यावर घरात दोन गोष्टी होतात. एक तर पॅच ओढून काढून औषधच बंद केलं जातं, नाहीतर "होईल सवय" म्हणत पुढचा पॅच त्याच जागी लावला जातो. दोन्हींनी नुकसान होतं. बहुतेक खाज ही पॅच लावण्या-काढण्याच्या पद्धतीतून येते आणि ती सुधारता येते. थोड्या लोकांना मात्र खरी ॲलर्जी असते, आणि तिथे पद्धत कितीही सुधारली तरी उपयोग नसतो. या दोन्हींतला फरक कातडीवर दिसतो. तो कसा पाहायचा, हेच आज सांगायचं आहे.

1979 साली अमेरिकेत स्कोपोलामिनचा पॅच मंजूर झाला. प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायचा, 3 दिवस टिकणारा. औषधाच्या पॅचची सुरुवात तिथून झाली. त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, पण खरा पहारेकरी तोच. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) लहान, थोडा स्निग्ध रेणू आणि दिवसाला काही मिलिग्रॅमचा डोस एवढंच तो आत जाऊ देतो. म्हणून कित्येक पॅचमध्ये या थराची पकड सैल करणारी द्रव्यं घालतात : अल्कोहोल, प्रोपिलीन ग्लायकॉल, ओलिइक आम्ल. जे द्रव्य वाट मोकळी करतं, तेच त्वचेला चुरचुरतंही.

आजच्या बहुतेक पॅचमध्ये बाहेरचं अस्तर, औषध मिसळलेला चिकट थर आणि लावताना काढून टाकायचा कागद असे तीन भाग असतात. बाहेरच्या अस्तरातून हवा जात नाही. त्वचेतून एरवी उडून जाणारी ओल खालीच कोंडते, मृत पेशींचा थर पाण्याने फुगतो आणि घामाच्या ग्रंथींची तोंडं बुजतात. बडोद्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये हे आपोआपच होतं. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळून आलेल्या बाईच्या पाठीवरचा पॅच पाहा : कडा सुटलेल्या, खाली बारीक घामोळं, आणि चोळीच्या नाडीखाली आलेल्या भागावर घासल्याचा ओरखडा. ही ॲलर्जी नव्हे. अशा दिवसांत पॅच नाडी, पट्टा, ब्लाऊजची शिवण, नेफा यांच्यापासून दूर लावावा. घाम पुसून, पंख्याखाली अंग पूर्ण गार आणि कोरडं झाल्यावरच लावावा.

लावण्याची रीत सांगतो. जागा नुसत्या पाण्याने धुवा. तेल, पावडर, चंदनाची उटी, मलम काहीही नको. अभ्यंगाच्या दिवशी तर आधी पॅचची जागा ठरवून ती तेलापासून वाचवा. केस असतील तर कात्रीने बारीक करा, वस्तरा फिरवू नका : वस्तऱ्याच्या न दिसणाऱ्या जखमांतून जळजळही होते आणि औषधही जास्त शिरतं. पॅच तळहाताने 30 सेकंद दाबून धरा आणि कडांवरून बोट फिरवा. खाली व्हॅसलीन किंवा "त्वचा वाचवणारी" फिल्म लावू नका, कारण औषधाला त्याच वाटेने जायचं आहे. कड सुटलीच तर तेवढ्या कडेवर वैद्यकीय टेप चालते. पॅचवर गरम पाण्याची पिशवी किंवा शेक मात्र अजिबात नको. फेंटानिलच्या पॅचवर शेक दिला तर औषध वेगाने आत जाऊन श्वास मंदावू शकतो.

आता काढण्याची रीत. सर्वांत जास्त इजा इथे होते. पॅच सरळ वर खेचला की चिकट थर आपल्याबरोबर त्वचेच्या पेशींचे थर घेऊन येतो. रोज तीच जागा सोलली गेली तर आठवड्यात ती जागा पाणी लागलं तरी झोंबते. एक कोपरा नखाने उचला. दुसऱ्या हाताच्या बोटाने मोकळी झालेली त्वचा दाबून ठेवा. पॅच स्वतःवरच दुमडत, त्वचेला लागून, हळूहळू मागे न्या. चिकटा उरला तर कापसावर खोबरेल तेल घेऊन दोन मिनिटं ठेवा आणि मग सौम्य साबणाने धुवा. स्पिरिट आणि नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. वापरलेल्या पॅचमध्ये औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत येईल असा तो दुमडा, आणि लहान मुलाच्या हाती लागणार नाही अशी विल्हेवाट लावा. नवा लावण्याआधी जुना निघाला आहे का, हे पाठीवर हात फिरवून खात्री करून घ्या.

जागा बदलणं सगळ्यांना ठाऊक असतं, पण हिशोब कुणी मांडत नाही. रिव्हास्टिग्मिनचा पॅच रोज बदलतो आणि एकदा वापरलेली जागा 14 दिवसांच्या आत पुन्हा वापरायची नसते. म्हणजे 14 जागा हव्यात. पाठीच्या वरच्या भागात 4, पाठीच्या खालच्या भागात 2, दोन्ही दंडांच्या बाहेरच्या बाजूला 4, छातीवर 4. ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच 7 दिवसांचा आणि जागेला विश्रांती 3 आठवड्यांची, म्हणून चारच जागा आळीपाळीने पुरतात. कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात "उजवा दंड, वर" एवढं लिहिलं तरी काम भागतं.

आता चट्टा पाहू या. माहितीपत्रकात "लाली" असं लिहिलेलं असतं, पण आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर लाली स्पष्ट दिसत नाही. जागा तपकिरी किंवा जांभळट दिसते. म्हणून दिवसाच्या उजेडात पाहा आणि बोटांच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहा : ऊब आहे का, सूज आहे का, खरखरीतपणा आहे का. चट्टा पॅचच्या आकारात, कडा स्वच्छ, आणि पॅच काढल्यावर दिवस-दोन दिवसांत उतरला, तर तो साधा दाह. दाह उतरल्यावर मागे काळपट डाग महिनोन्‌महिने राहू शकतो. तो धोकादायक नसतो, पण त्यावर पुढचा पॅच लावू नये. याउलट चट्टा कडेबाहेर पसरला, बारीक पुरळ किंवा पाण्याचे फोड आले, सूज वाढत गेली, आणि 48 तासांनंतरही फारसा फरक नाही, तर ॲलर्जीची शंका घ्यावी. अनेक आठवडे विनातक्रार वापरल्यानंतरही ती सुरू होऊ शकते, कारण शरीराला ते द्रव्य "ओळखायला" वेळ लागतो. दोषी औषध असू शकतं किंवा चिकट थरातलं ॲक्रिलेट हे चिकटद्रव्यही. टिकलीच्या गोंदातल्या रेझिनने कपाळावर खाज येते आणि कधी पांढरा डाग पडतो, त्याच जातीचा हा प्रकार. मेथिलफेनिडेटच्या (लक्ष न टिकणाऱ्या, अतिचंचल मुलांना देतात त्या औषधाच्या) पॅचमुळे त्वचेचा रंग कायमचा जाऊ शकतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 साली दिला होता. म्हणून पॅचच्या जागी किंवा आसपास रंग फिका पडतोय असं दिसलं तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

साध्या दाहावर, पॅच काढल्यानंतर, 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम काही दिवस पुरतं. दुकानात सहज मिळणारं स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेलं मलम मात्र घेऊ नका. त्यातलं स्टेरॉइड बरेचदा फार तीव्र असतं. त्वचा पातळ होते आणि ॲलर्जीची खूण पुसली जाऊन निदानच अवघड होतं.

आणि औषध आपल्या मनाने थांबवू नका. नायट्रोग्लिसरीन एकदम बंद केलं तर छातीत दुखणं उसळू शकतं. रिव्हास्टिग्मिन 3 दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं, तर पुन्हा 4.6 मिलिग्रॅमपासून सुरू करावं लागतं. सरळ 9.5 चा पॅच लावला तर जोरदार उलट्या होऊ शकतात. म्हणून फोड दिसले की पॅच काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

डॉक्टरांकडे जाताना पॅचचं रिकामं पाकीट घेऊन जा. त्यावर घटक आणि बॅच क्रमांक असतो. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून काढलेले दोन फोटो न्या, एक पॅच काढल्या काढल्या आणि एक 48 तासांनी. गरज वाटली तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर चाचणी करतात : औषध, चिकट द्रव्य आणि इतर घटक वेगवेगळ्या छोट्या कप्प्यांत 48 तास लावून ठेवतात, मग कप्पे काढून पाहतात आणि 72 किंवा 96 तासांनी पुन्हा पाहतात. या काळात पाठ भिजता कामा नये, घामही नको, त्यामुळे नवरात्राचे दिवस टाळलेले बरे. दोष फक्त चिकट थरात निघाला तर त्याच औषधाचा दुसऱ्या चिकट थराचा पॅच चालू शकतो. औषधातच निघाला तर मात्र सावध राहावं लागतं : रिव्हास्टिग्मिनची ॲलर्जी झालेल्याला त्याच औषधाची कॅप्सूल दिली तर अंगभर पुरळ उठू शकतं. म्हणून ती कॅप्सूल, चाचणी निर्दोष आल्यावरच, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची.