प्राग : दोन भाषांचा एक मंच

(दृश्य : प्राग. व्ल्टावा नदीचा काठ, रुडॉल्फिनमची इमारत. आत वाद्यवृंद सूर जुळवतो आहे. मागच्या पायऱ्यांवर गायकवृंद उभा राहतो आहे.)

चेक आणि जर्मन संगीताची एकत्र मैफल करायची, तर त्यात काय असावं? नावांना तोटा नाही. पण पूर्ण वाद्यवृंद आणि मोठा गायकवृंद हाताशी असेल, तर दोन रचना शेजारी शेजारी ठेवायलाच हव्यात. योहानेस ब्राम्स यांचं ‘जर्मन रेक्विएम’ आणि अंतोनिन द्वोर्झाक यांचं ‘स्ताबात मातेर’. दोन्हींच्या मागे घरातले मृत्यू आहेत. आणि दोन्हींचे रचनाकार एकमेकांचे जिवाभावाचे स्नेही.

आधी ब्राम्स. १८६५ च्या फेब्रुवारीत त्यांची आई गेली. त्यानंतर या रचनेनं खरा आकार घेतला. रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना. ती लॅटिनमध्ये म्हणायची, ही चर्चची जुनी रीत. ब्राम्स यांनी ती बाजूला ठेवली आणि मार्टिन लूथर यांच्या जर्मन बायबलमधली वचनं स्वतः निवडली. सुरुवातच अशी : जे शोक करतात ते धन्य, कारण त्यांचं सांत्वन होईल. म्हणजे गेलेल्याच्या आधी मागे राहिलेल्यांची विचारपूस.

(दृश्य : डबल बासच्या तारांवर फिरणारे गज, अगदी जवळून.)

आता कान देऊन ऐका. या पहिल्या भागात व्हायोलिन वाजतच नाहीत. वादक मंचावर आहेत, पण वाद्यं मांडीवर ठेवून बसलेले. डबल बास खालचा एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, त्यावर चेलो आणि व्हायोला हळूहळू उलगडत जातात, आणि मग गायकवृंदाचा पहिला शब्द येतो, अगदी हलक्या आवाजात. एवढे गळे एकत्र असताना त्यांना इतकं दबक्या आवाजात गायला लावणं, हे धाडस आहे.

१० एप्रिल १८६८, गुड फ्रायडेच्या दिवशी, ब्रेमेनच्या कॅथेड्रलमध्ये ब्राम्स यांनी स्वतः ही रचना सादर केली. तेव्हा तिचे सहा भाग होते. सातवा त्यांनी नंतर लिहून मधे बसवला. त्यात एकटा स्त्रीस्वर गातो, आणि गायकवृंद त्याला साथ देत म्हणतो : आई जशी समजूत घालते, तशी मी तुमची समजूत घालीन.

(दृश्य : द्वोर्झाक यांचं जुनं छायाचित्र. नेलाहोझेवेस गावातलं त्यांचं जन्मघर.)

द्वोर्झाक खाटीक आणि खानावळवाल्याचा मुलगा. प्रागच्या नाट्यगृहात व्हायोला वाजवून पोट भरणारा. १८७५ साली त्यांची नुकती जन्मलेली मुलगी योसेफा दोन दिवसांत गेली. पुढच्या वर्षी त्यांनी ‘स्ताबात मातेर’ लिहायला घेतलं. क्रुसाजवळ उभ्या असलेल्या मेरीच्या दुःखाचं हे जुनं लॅटिन काव्य. पियानोच्या साथीचा आराखडा झाला आणि काम तसंच बाजूला पडलं.

मग १८७७ चा ऑगस्ट आला. अकरा महिन्यांची रुझेना फॉस्फरसचं विषारी द्रावण पिऊन दगावली. महिना उलटायच्या आत साडेतीन वर्षांचा ओटाकार देवीच्या साथीत गेला, तोही ८ सप्टेंबरला, वडिलांच्या वाढदिवशी. घरात मूल उरलं नाही. द्वोर्झाक यांनी बाजूला ठेवलेली वही पुन्हा उघडली आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रचना पुरी केली.

तिची सुरुवात एकाच स्वरानं होते. तो खालच्या सप्तकातून वर, आणखी वर चढत जातो, आणि मग सूर पायरी पायरीनं खाली घसरू लागतात. हा पहिला भागच वीस मिनिटांच्या आसपास चालतो. इतका वेळ का घेतला, असं काही श्रोत्यांना वाटतं. आम्हाला तो वेळ रास्त वाटतो. शोकाला घाई नसते. शेवटच्या, दहाव्या भागात ‘आमेन’चा कल्लोळ सुरू असताना वाद्यवृंद अचानक थांबतो आणि गायकवृंद एकटा, पूर्ण ताकदीनं गातो. साथीला एकही वाद्य नाही. चुकायला जागा नाही. गायकवृंदाची खरी परीक्षा इथे होते.

(दृश्य : व्हिएन्ना. हस्तलिखिताची पानं.)

त्याच १८७७ साली ब्राम्स व्हिएन्नात सरकारी शिष्यवृत्तीचे परीक्षक होते. द्वोर्झाक यांचे कागद त्यांच्या हाती आले आणि त्यांनी बर्लिनच्या झिमरॉक या प्रकाशकाला पत्र लिहून या चेक माणसाची शिफारस केली. पुढच्या वर्षी ‘स्लाव्हॉनिक नृत्यं’ छापली गेली आणि द्वोर्झाक हे नाव युरोपभर झालं. त्याच प्रकाशकाशी पुढे त्यांचा वादही झाला. जर्मन वळणाचं ‘अँटोन’ छापायचं की चेक ‘अंतोनिन’? शेवटी ‘अँट.’ अशी तडजोड ठरली. स्वाभिमान आणि स्नेह, दोन्ही एकाच माणसात सुखानं नांदत होते.

ब्राम्स यांच्या मोठेपणाची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १८९२ ते १८९५ या काळात द्वोर्झाक अमेरिकेत होते. तिथून प्रुफांची ने-आण करण्यात फार वेळ जायचा. तेव्हा त्यांच्या रचनांची प्रुफं व्हिएन्नात बसून ब्राम्स तपासत. तेव्हाचे युरोपातले सर्वांत मानाचे संगीतकार, साठीला आलेले, दुसऱ्याच्या पानावरचा एकेक स्वर तपासताहेत. १८९७ साली ब्राम्स गेले, तेव्हा द्वोर्झाक अंत्ययात्रेला हजर होते.

(दृश्य : पुन्हा रुडॉल्फिनम. १८९६ चं साल पडद्यावर.)

४ जानेवारी १८९६ रोजी याच सभागृहात चेक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची पहिली मैफल झाली, संचालनाला स्वतः द्वोर्झाक. त्या काळच्या प्रागमध्ये चेक आणि जर्मन लोकांची नाट्यगृहं वेगळी, विद्यापीठं वेगळी. तरीही १९०८ साली संगीतकार गुस्टाव्ह माहलर यांची सातवी सिंफनी प्राग शहरात पहिल्यांदा वाजली, तेव्हा चेक फिलहार्मोनिकच्या वादकांसोबत जर्मन नाट्यगृहाचे वादक बसले होते.

मग नाझी आले. व्हिक्टर उल्मान, हान्स क्रासा यांच्यासारख्या प्रागच्या ज्यू संगीतकारांना तेरेझीनच्या छावणीत कोंडलं गेलं आणि १९४४ साली ऑश्विट्झला नेऊन मारलं गेलं. कार्लोवी वारी या चेक गावात जन्मलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन त्याआधीच, १९३४ साली मुंबईला पोहोचले होते. ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर ते पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. पहाटे रेडिओ लावला की कानावर पडणारी आकाशवाणीची ती धून त्यांचीच मानली जाते.

युद्ध संपलं आणि सूड सुरू झाला. चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनांना घालवून देण्यात आलं. त्यांत प्रागच्या जर्मन वाद्यवृंदाचे वादकही होते. बव्हेरियातल्या बामबेर्ग या छोट्या गावात ते गोळा झाले आणि १९४६ साली त्यांनी नवा वाद्यवृंद उभा केला. त्याच वर्षी प्रागमध्ये ‘प्राग स्प्रिंग’ हा संगीत महोत्सव सुरू झाला.

(दृश्य : बामबेर्गचा वाद्यवृंद, रंगीत तालीम.)

२०१६ पासून बामबेर्ग सिंफनीचे प्रमुख संचालक आहेत याकुब ह्रूशा, मूळचे चेक, ब्रनो शहरातले. ‘प्राग स्प्रिंग’ महोत्सव दरवर्षी १२ मे रोजी, संगीतकार स्मेताना यांच्या स्मृतिदिनी, त्यांच्या ‘माझा देश’ या रचनेनं सुरू होतो. तिचा एक भाग व्ल्टावा नदीवर आहे. चेक राष्ट्रीय संगीताचे हे जनक लहानपणी जर्मन बोलत वाढले आणि त्यांच्या तरुणपणाच्या रोजनिशा जर्मनमध्ये आहेत. २०१९ साली उद्घाटनाचा तो मान बामबेर्गला मिळाला. घालवून दिलेल्यांचा वाद्यवृंद प्रागला आला आणि ह्रूशा यांच्या संचालनाखाली त्यानं व्ल्टावाचं संगीत वाजवलं.