सिग्नलला न दिसणारं कोल्हापूर

नमस्कार मंडळी. आत्ता रेडिओ ऐकताय म्हणजे तुम्ही एकतर स्वयंपाकघरात असणार नाहीतर गाडीत, आणि गाडीत असाल आणि नेमके कावळा नाक्याच्या सिग्नलला अडकला असाल तर लई बेस्ट, कारण मला सुरुवात तिथनंच करायचीय. जरा मान वर करा बघू. ताराराणींचा पुतळा. मी गेली वीस वर्षं त्याच्या खालनं रोज जातेय, आधी लुनावर आणि आता अ‍ॅक्टिव्हावर, आणि खरं सांगू का, इतक्या वर्षांत मी त्याच्याकडं वीस सेकंदसुद्धा सलग बघितलेलं नव्हतं.

झालं असं की माझी लेक पाचवीत आहे, तिला शाळेतनं चित्र काढून आणायला सांगितलं, विषय काय तर माझ्या गावातली एक कलाकृती. मी लगेच आईपणा करत म्हटलं, चल टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊ, आबालाल रहमानांची चित्रं बघू. तर ही म्हणते, नको, मी ताराराणीचा घोडा काढणार. आणि मग तिनं विचारलं, आई, त्याचे पुढचे दोन्ही पाय वर आहेत की गं, मग तो पडत कसा नाही? आता काय सांगणार. रविवारी सकाळी सातला दोघी गेलो. गाडी लांब लावली आणि चालत पुतळ्याला पूर्ण फेरी मारली, समोरनं, बाजूनं, मागनं. मागनं बघितल्यावर कळतं की तो सगळा पसारा, घोडा, वर तलवार घेतलेली राणी, सगळं त्या मागच्या दोन पायांवर तोललंय. रवींद्र मेस्त्रींचं काम आहे हे. लेक म्हणाली, आई, त्याच्या मानेच्या शिरा बघ. मी बघितल्या. वीस वर्षांनी.

तेव्हापासनं माझ्या डोक्यात एक गोष्ट बसलीय ती तुम्हाला सांगायची म्हणून आज आले. आपल्याकडं रस्त्यावरची कला भरपूर आहे, उगीच नाही कलापूर म्हणत, पण गाडीवरनं ती दिसत नाही. आणि आपण गाडी सोडून चौकात दोन-दोन तास उभे कधी राहतो? सणाला, यात्रेला, मिरवणुकीला. म्हणजे बघायचं असेल तर तेव्हाच. आपण तेव्हा काय बघतो तर मोबाइल, ते सोडा.

आता शिवाजी चौकच घ्या. इंडियानं मॅच जिंकली की अख्खं कोल्हापूर तिथं जमतंय, रात्रीचे बारा वाजू देत नाहीतर दोन. अशाच एका रात्री माझे वडील बरोबर होते, त्या सगळ्या शिट्ट्या-हॉर्नच्या गोंगाटात ते पुतळ्याकडं बोट करून मोठ्यानं ओरडून सांगत होते आणि मला निम्मंच ऐकू येत होतं. त्या जागी आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो विद्रूप केला, म्हणजे बघा, बायकांनी, त्या काळात, भर चौकात. पुढं १९४५ ला त्याच जागेवर महाराजांचा अर्धपुतळा बसला, भालजी पेंढारकरांनी पुढाकार घेतला आणि घडवला बाबूराव पेंटरांनी. तेच पेंटर ज्यांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्याचा स्तंभ खरी कॉर्नरला आहे, तिथं पार्किंग मिळतंय का बघण्यात आपण तोही बघत नाही.

आणि बिंदू चौक. तिथं महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे अर्धपुतळे आहेत, ९ डिसेंबर १९५० ला भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं बसवले. तारीख नीट ऐका, बाबासाहेब तेव्हा हयात होते. माणूस जिवंत असताना त्याचा पुतळा चौकात बसवायचा, आणि तोही त्यांचा, हे १९५० ला सोपं नव्हतं. १३ एप्रिलच्या रात्री बाराला तिथं जाऊन बघा, अंगावर काटा येतो. एरवी आपण तिथं "सबजेलच्या समोर" एवढाच पत्ता सांगतो.

दसरा चौकाचं वेगळं. शाही दसरा आपण सगळेच बघतो, ती जुनी मेबॅक गाडी येते, पालख्या येतात, शमीपूजन होतं, आणि मग सोनं लुटायला जी झुंबड उडते त्यात माझी एकदा चप्पल गेली ती गेलीच. पण त्या गर्दीत थांबल्या थांबल्या एकदा आजूबाजूच्या बिल्डिंगी बघा. मुस्लिम बोर्डिंग तिथंच, लिंगायतांचं बोर्डिंग तिथंच, शाहू महाराजांनी १९०१ पासनं एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली त्यातली ही. आणि मधोमध महाराज स्वतः उभे. मला वाटतं पुतळा कुठं बसवावा हे ज्याला कुणाला सुचलं त्याला मानलं पाहिजे.

पण माझ्या सगळ्यात जवळची गोष्ट पुतळ्याची नाहीच. आषाढातली टेंबलाईची यात्रा. बाहेरच्या लोकांना दसरा माहीत असतो, जोतिबाची चैत्र यात्रा माहीत असते, ही माहीत नसते. पंचगंगेला नवं पाणी आलं की आषाढात मंगळवारी-शुक्रवारी एकेक गल्ली, एकेक तालीम ते पाणी कलशात भरून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेते आणि देवीच्या पायऱ्यांवर ओतते. पुढं वाजंत्री, तिचं नावच पी ढबाक, कारण ती तशीच वाजते, पीऽऽ ढबाक, पीऽऽ ढबाक. मी नऊ वर्षांची असताना कलश डोक्यावर घेतला होता. गढूळ लालसर पाणी, ते प्रत्येक पावलाला हिंदकळून मानेवरनं पाठीत उतरायचं, कुंकू ओलं होऊन नाकावर यायचं, पाय अनवाणी, आणि वरनं पाऊस. हात सोडायचा नाही असं आजीनं बजावलेलं त्यामुळं नाक पुसता येत नव्हतं. परत आल्यावर गल्लीत मटणाचं जेवण. ही कला आहे का? कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, पण ते दृश्य माझ्या डोक्यातनं जात नाही आणि कुठल्या भिंतीवर टांगायची त्याला गरजही पडली नाही.

तसंच मोहरमचं. आपल्याकडं कितीतरी तालमींत गणपतीही बसतो आणि पंजाही बसतो, आणि मधली काही वर्षं दोन्ही एकदम आले तेव्हा एकाच मांडवात शेजारी शेजारी बसले, सजावट एकच, लायटिंगचा खर्चही एकच, कार्यकर्ते म्हणाले वर्गणी वाचली. बाहेरच्यांना याचं फार कौतुक वाटतं. आपल्याला वाटत नाही, नेहमीचंच आहे.

आणि त्रिपुरारी पौर्णिमेची पहाट तर चुकवूच नका. पंचगंगा घाटावर हजारो पणत्या, पायऱ्यापायऱ्यांवर रांगोळ्या, आणि थंडी अशी की पणती लावताना हात शेकून घ्यावेसे वाटतात. चारला जा, पाचला तिथं फोटोवाल्यांची गर्दी होते. सातपर्यंत वात विझते, रांगोळीतनं कुणाचा तरी पाय गेलेला असतो. ज्या पोरीनं ती काढली तिला मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाली, काकी, तीन तास उकिडवं बसून माझी कंबर गेलीय, मला फक्त चहा पाहिजे.

एक तक्रार मात्र करणार. डिजिटल. ते जे बोर्ड आपण प्रत्येक चौकात लावतो, वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे. पुतळा तयार करायला वर्षं जातात आणि त्याच्यापुढं डिजिटल उभा करायला एक टेम्पो आणि दोन बांबू पुरतात. सणाला तर विचारूच नका, आणि लावणारे आपल्याच गल्लीतले असतात त्यामुळं बोलायची चोरी.

हां, चित्राचं राहिलंच. लेकीनं घोडा झकास काढला, मागचे दोन पाय, मानेच्या शिरा, सगळं. पण तिनं जे दिसलं ते सगळंच काढलं, विजेच्या तारा काढल्या, सिग्नल काढला, आणि पुतळ्याच्या खाली एक मोठा चौकोन आणि त्यात गॉगल घातलेला एक माणूस हात जोडून. बाईंनी विचारलं, हे कोण गं, ताराराणींचे सेनापती का?

ही म्हणाली, नाही बाई, ह्या भाऊंचा वाढदिवस आहे.