जुनी रेसिंग सायकल आणि गोव्याची हवा

नमस्कार मंडळी. जुनी रेसिंग सायकल बघायला गेलात की आधी रंग बघू नका, सीटपोस्ट, म्हणजे सीटचा फ्रेममध्ये जाणारा दांडा, हलतोय का ते बघा. सीटखालचा बोल्ट ढिला करायचा आणि सीट धरून डावीउजवीकडे फिरवून बघायची. कारण फ्रेम स्टीलची, पोस्ट ॲल्युमिनियमचा, आणि आपल्या गोव्यात समुद्राची खारी हवा, वर चार महिने धो धो पाऊस, मग या दोन धातूंमध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम गंजतं, त्याची पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि पोस्ट असा काही जाम होतो की पाइप पाना लावून पिळलात तर फ्रेमच वाकायची. आणि हे टाळायला लागतं काय, तर बोटभर ग्रीस! दरवर्षी मिरगाच्या आधी पोस्ट बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावून परत बसवा, बस.

दुसरा शत्रू आतला गंज. कोलंबस एसएल या जुन्या रेसिंग फ्रेमच्या स्टीलची नळी टोकाला ०.९ मिलिमीटर आणि मधे फक्त ०.६ मिलिमीटर, म्हणूनच तर फ्रेम एवढी हलकी. पण ०.६ मध्ये गंजाला खायला उरतं किती? पावसात भिजलात तर घरी आल्यावर पोस्ट काढून फ्रेम उलटी टांगा, पाणी निथळू दे, मग आत तेल सोडा. बाहेरचा रंग उडालेला, स्टिकर खरचटलेले असले तर राहू देत, मला तरी नवा चकचकीत रंग मारलेली जुनी सायकल बघवत नाही.

अजून एक, बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचा आस जिथे फिरतो तो भाग, खोलताना मेकॅनिकला आधी सांगा, इंग्लिश फ्रेमला चेनच्या बाजूचा कप (आस धरणारी वाटी) उलट्या आट्यांचा असतो आणि इटालियनला दोन्हीकडे सुलटे आटे. चुकीच्या दिशेने जोर लावला की आटे गेलेच समजा.

आणि भिंतीवर टांगून ठेवू नका हो. आपल्या पोदेराची सायकल बघा, रोज पहाटे पाव घेऊन गावभर फिरते म्हणून तर चालती राहते. इटलीत गायोले गावात १९९७ पासून लेरोइका नावाची जुन्या सायकलींची फेरी होते, तिथे १९८७ पर्यंतच्याच रेसिंग सायकली आणि त्या टस्कनीच्या कच्च्या रस्त्यांवर लोक चालवतात, शोभेला नाही ठेवत.

आपल्याकडे सुरुवात रायबंदरच्या सपाट रस्त्यावर करा. गिअरचे लिव्हर खाली फ्रेमच्या नळीवर, त्यांना क्लिक नाही, गिअर जागेवर बसवणारा तो क्लिक शिमानो कंपनीने आपल्या ड्युरा-एस गिअरमध्ये १९८४ ला आणला. त्याआधीच्या सायकलवर पॅडलचा जोर थोडा कमी करायचा, लिव्हर सरकवायचा आणि चेनची कुरकुर थांबेपर्यंत कानाने जुळवायचं, दोनचार दिवसांत हात बसतो आणि मग त्यात जी मजा आहे ना, ती बटणात नाही!

फर्मागुडीचा चढ मात्र लगेच घेऊ नका. कॅम्पाग्नोलोच्या त्या काळच्या रेकॉर्ड क्रँकला (पॅडलच्या दांड्याला) ४१ दात्यांहून लहान चेनरिंग, म्हणजे पुढचं दातेरी चाक, बसतच नाही, त्यामुळे पुढून काही सोपं होणार नाही, मागची फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दात्यांचा संच, बदला. २६ दात्यांपर्यंत त्यांचा नुओवो रेकॉर्ड डेरेलर (चेन एका दात्यांवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) झेपवतो, आणि काढलेली ओरिजिनल फ्रीव्हील तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा.