शेफिल्ड : मुशीतून जुळलेलं नातं

पेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी, इंग्लंडच्या उत्तर भागात शेफिल्ड वसलं आहे. शीफ, डॉन, पोर्टर, रिव्हलिन आणि लॉक्सली या पाच नद्या इथे उतारावरून येतात. त्यांच्या पाण्यावर शाणेचे दगड फिरले, चाकू-कात्र्यांना धार लागली. पण या शहराचं नाव जगभर नेलं ते मातीच्या मुशीनं, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्यानं.

१७४०च्या दशकातला काळ. बेंजामिन हंट्समन हा घड्याळजी चांगल्या स्प्रिंगसाठी चांगलं पोलाद शोधत होता. तेव्हा स्वीडनच्या लोखंडी पट्ट्या लोणारी कोळशात पुरून कित्येक दिवस तापवत. कार्बन बाहेरच्या थरात भरपूर मुरे, गाभ्यात कमी. असं पोलाद एकजिनसी कसं असणार? हंट्समननं या पट्ट्यांचे तुकडे मुशीत टाकून पूर्ण वितळवले.

सगळी मदार मुशीच्या मातीवर. निरनिराळ्या माती आणि कोकची (भाजलेल्या दगडी कोळशाची) पूड भिजवून कामगार ती अनवाणी तासन्‌तास तुडवायचा. पायानंच, कारण बारीकसा खडाही तळव्याला लागतो आणि अडकलेली हवा निघून जाते. एखादा बुडबुडा राहिला, तर मूस भट्टीत तडकणार आणि पंचवीसेक किलो पोलाद निखाऱ्यांत वाहून जाणार.

कोकच्या भट्टीत १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण तीन तास. वितळलं की लगेच ओतायचं नाही. आतला वायू शांत होऊ द्यायचा, नाहीतर साच्यातला पोलादाचा ठोकळा सच्छिद्र निघतो. मग पायांना ओलं गोणपाट गुंडाळलेला कामगार भट्टीच्या तोंडावर उभा राहून चिमट्यानं मूस वर खेचतो. दुसरा ती साच्यात ओततो, धार साच्याच्या भिंतीला न लागू देता. एक मूस तीनदा वापरली जाई. पोलादावर तरंगणाऱ्या मळीच्या रेषेपाशी ती झिजते, म्हणून दर वेळी भरणा थोडा कमी. अशी भट्टी शेफिल्डच्या अ‍ॅबीडेल इंडस्ट्रियल हॅम्लेटमध्ये आजही पाहता येते, आणि ती पाहायलाच हवी.

१९१३ साली याच शहरात हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबवण्याच्या खटपटीत होते. सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेलं त्यांचं पोलाद गंजेना. ते चाकू-सुऱ्यांत आलं.

शेफिल्डची काही भगिनी शहरंही याच धंद्यातली. चीनमधलं आनशान पोलादाचंच. युक्रेनमधलं दोनेत्स्क कोळसा आणि पोलादावर वाढलं. तिथला पहिला कारखाना जॉन ह्यूज या वेल्श माणसानं उभारला. शेफिल्डच्या ट्रामला ‘दोनेत्स्क वे’ नावाचा थांबा आहे.

जर्मनीतल्या बोखुमशी नातं १९५० साली जुळलं, महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. शेफिल्डमध्ये ‘बोखुम पार्कवे’ आहे, बोखुममध्ये ‘शेफिल्ड रिंग’. मात्र कारागिरीची देवाणघेवाण त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधीची. बोखुमच्या याकोब मायर यांनी १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात ओतीव पोलादाच्या घंटा मांडल्या. जर्मन पोलाद कारखानदार क्रुप यांनी आक्षेप घेतला, हे तर बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड! मायर यांनी घंटा फोडून तिचे तुकडे तापवून घडवून दाखवले. बीड हातोड्याखाली फुटतं, पोलाद घडतं. वाद मिटला.

पोलादाच्या घंटा ओतण्याची मायर यांची पद्धत शेफिल्डच्या नेलर व्हिकर्स कंपनीनं उचलली. एक टनाची घंटा म्हणजे चाळीसेक मुशी, एकामागून एक, धार न तुटू देता ओतायच्या. मध्ये खंड पडला, तर आधीचं पोलाद साच्यात थिजतं, नवं त्यावर सांधत नाही आणि घंटा वाया जाते.